चार बायका आणि पांढरा रंग

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. तू खुशाल असशील, लेकही आता कमरेला लागली असेल. (सात वर्षं झाली, मी आपला अंदाज करतोय.) इकडे काकांचा गुडघा दुखतो, जीभ ठणठणीत आहे. लग्नाआधी दिवस गेले म्हणून त्यांनी तुला, पोटच्या पोरीला, या घराची पायरी चढू नकोस म्हणून सांगितलं, त्यानंतर तुझं नाव काढलेलं नाही. आमचीही काढायची छाती होत नाही.

यंदा नाताळासाठी पाळकसाहेबांनी मला चर्चच्या भिंतीवर येशूची वंशावळ रंगवायला सांगितली. पाट्या रंगवण्यात माझी हयात गेली, पण 'वकील, दुसरा मजला' लिहिणं वेगळं आणि अब्राहामापासूनच्या पिढ्या वेगळ्या. पुरुष काळ्या रंगात, बायका लाल रंगात, असं मीच डोकं चालवलं. (नसतं चालवलं तर बरं झालं असतं.) मरियेच्या आधी बायका चारच, पण एकेक काय सांगू! तामार सासऱ्याला फसवून आई झाली, राहाबचा धंदा तुला ठाऊक आहे, रूथ परक्या लोकांतली, आणि उरीयाच्या बायकोला तर दावीद राजाने नवरा जिवंत असताना बोलावून घेतली.

काका चर्चच्या मंडळीचे पंच. भिंत बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीसुना येणार, पोरं मोठ्याने वाचणार, या चौघींना आधी पुसून टाक म्हणाले. मी म्हटलं, शास्त्रात आहे हो. तर म्हणे, शास्त्रात असू दे, भिंतीवर नको. काकांपुढे माझं कधी चाललंय? घाईघाईत पांढऱ्याचे दोन हात मारले. नुसत्या पांढऱ्याखाली लाल दबून राहत नाही, हे मी गिऱ्हाइकांना बजावतो. स्वतःला बजावायचं राहिलं.

नाताळच्या सकाळी भरल्या चर्चमध्ये चौघीही वर आलेल्या! गुलाबी, ठसठशीत. मी खांबाआड. पाळकसाहेबांनी प्रवचनाचा कागद घडी घालून खिशात टाकला आणि म्हणाले, प्रभू याच घराण्यात जन्मला, आधी घराणं धुऊन घ्या म्हणाला नाही. ताई, मला तिथेच रडू आलं. सात वर्षं आम्ही तुला पुसत बसलो, आणि मीही ब्रश हातात धरून गप्प होतो.

उपासना संपली तरी काका भिंतीपुढेच. मी शिव्या खायच्या तयारीने गेलो. राहाबच्या नावावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हिच्या पोराचं पुढे काय झालं? म्हटलं, तो दावीद राजाचा पणजोबा. 'असं होय,' म्हणाले आणि घरी गेले.

तू ये म्हणायला घर माझं नाही. पण मला तू हवी आहेस.

तुझा चुलतभाऊ

ता. क. पांढरा रंग परत मारायचा नाही असं ठरलंय. डबा काकांनी उचलून नेला.

ता. क. दुसरा. हे पत्र मी आपणहून लिहिलंय असंच समज, तशी सक्त ताकीद आहे. काका समोरच बसलेत आणि दर ओळीला विचारतात, ये म्हणून लिहिलंस का? शेवटी वैतागून पेन त्यांच्या हातात दिलं. अर्धा तास झाला. खालची ओळ त्यांची:

पोरीचं नाव काय ठेवलंस? तिला घेऊन ये.