इंजिनाची ताकद वाढवावी काय?

२ फेब्रुवारी, दुपारी ३
भाची ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास. दोष तिचा नाही. माझा तर नाहीच. गाडीचा आहे.

घटना अशी. टेस्टच्या मैदानात एक चढ आहे. चढावर मध्येच गाडी थांबवायची, मागे घसरू न देता पुन्हा काढायची आणि वरच्या पांढऱ्या रेषेवर उभी करायची. गाडीत उमेदवार एकटा, परीक्षक रेषेपाशी. भाचीने रोज देते तेवढाच ॲक्सिलरेटर दिला आणि गाडी उधळली. रेषा गेली, परीक्षक बाजूच्या खड्ड्यात गेला, त्याचे रजिस्टर कुंपणापलीकडे गेले.

हीच गाडी रोज सरावाला मेल्याहून मेल्यासारखी चालते. म्हणजे इंजिनात ताकद नाही, आणि आहे ती भलत्या वेळी येते.

भाची गुरांची डॉक्टर आहे. नोकरी लागली आहे. गोठ्यागोठ्यांत स्वतः गाडी चालवत जायचे. १ मार्चला रुजू होताना लायसन्स हातात पाहिजे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. दुसरी टेस्ट २६ तारखेला. तिसरीला वेळच नाही.

संकल्प: गाडी सुधारणे.

३ फेब्रुवारी
उपाय सापडला. दातांच्या डॉक्टरांकडे ताटकळत असताना मोटारींच्या मासिकात वाचला. रीमॅप! हल्लीच्या इंजिनाला कॉम्प्युटर असतो. कंपनीने त्यात भरलेला हिशेब बदलला की तेच इंजिन जास्त ताकद देते. याचा अर्थ, कंपनी इंजिनाला मुद्दाम आवरून धरते. अंगात बळ असून कोणीतरी सतत दाबून ठेवायचे आणि वर, तुला जमत नाही, असे म्हणायचे! मला असल्या वृत्तीचा संताप येतो.

मासिक घरी आणले. डॉक्टरांना सांगायचे राहिले.

५ फेब्रुवारी, सकाळी ८
सहाला सराव. पाण्याच्या टाकीचा चढ. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हली, थरथरली, बंद पडली. चार वेळा. जळका वास. भाचीच्या कपाळावर घाम. मी अत्यंत शांतपणे सूचना देत होते. एकूण तीसेक दिल्या असतील.

माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची ही शेवटची गाडी. बोर्ड उतरवून चार वर्षे झाली, पण शेजारच्या सीटपुढचा शिक्षकाचा ब्रेक अजून जागेवर आहे. माझा पाय त्यावर असतो. नुसता ठेवलेला. ठेवणे वेगळे आणि दाबणे वेगळे. अठ्ठावीस वर्षांत तो ब्रेक मी फक्त अकरा वेळा दाबला. अकराही वेळा चूक समोरच्याची होती.

६ फेब्रुवारी
रीमॅपचा साधकबाधक विचार. बाजूने: ताकद वाढते, चढावर दम टिकतो. विरुद्ध: क्लचवर ताण येतो, इंजिन तापू शकते, विमा कंपनीला कळवावे लागते, काम अर्धवट शिकलेल्याच्या हाती पडले तर इंजिन कायमचे बसते.

विरुद्ध बाजूचे मुद्दे जास्त भरले. पण मुद्दे मोजायचे नसतात, तोलायचे असतात. मी पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाले आहे. दुसरा वर्ग. पण त्या काळचा दुसरा.

८ फेब्रुवारी
गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाला माझाच विद्यार्थी. स्वतःचे केस पांढरे झाले तरी अजून माझ्यापुढे हात मागे बांधून उभा राहतो. त्याने एकट्याने टाकीच्या चढावर चक्कर मारली. आला आणि म्हणाला, मॅडम, गाडी तर पळतेय की. मी म्हटले, नीट बघ. तो म्हणाला, तिसऱ्यात चढली. मी म्हटले, तिसऱ्यात चढणे शक्यच नाही. तो म्हणाला, बरं.

रीमॅपचे विचारले. डोके खाजवत राहिला. म्हणाला, माहीतगार माणूस आहे ओळखीचा, पण इंजिनाला औषध देण्याआधी दुखणं इंजिनाचंच आहे का ते बघू ना. हा मुलगा शिकतानाही असाच फाटे फोडायचा.

९ फेब्रुवारी
मी एकटी गाडी घेऊन गेले. गाडी सरसर चढली. निष्कर्ष: इंजिन अनुभवी माणूस ओळखते. नवशिक्यासाठी मात्र ताकद हवीच. रीमॅपचे पारडे जड.

११ फेब्रुवारी
गॅरेजवाल्याचा फोन. ब्रेकचे पॅड पार झिजलेत. नोव्हेंबरमध्ये तर नवे घातले होते. मॅडम, गाडीत शेजारी कोण बसतं? म्हटले, मी. कोण बसणार? तो म्हणाला, अच्छा. मग म्हणाला, पॅड बदलतो.

भाचीला ब्रेक जपून वापरण्याविषयी बौद्धिक दिले. पाऊण तास. तिने शेवटी एवढेच विचारले की, मावशी, तुझ्या उजव्या बुटाचाच तळ का गं गेलाय? विषयांतर.

१२ फेब्रुवारी
उजवी पोटरी आखडली आहे. वयाचा प्रश्न नाही, हवेचा आहे.

मी तेल लावत बसले म्हणून आज हे भाचीला घेऊन गेले. टाकी चढून, पलीकडे उतरून, पुन्हा चढून आले. भाची पायऱ्यांवरूनच ओरडत आली, मावशी, एकदाही बंद पडली नाही!

ह्यांचे वजन माझ्यापेक्षा सात किलोंनी कमी आहे. अशक्त इंजिनाला सात किलो म्हणजे खूप.

संध्याकाळी हे पेपरमधून डोके वर न काढता म्हणाले, एक दिवस सीटवर मांडी घालून बसून बघ. मी कारण विचारले. म्हणाले, पोटरीला बरं असतं. लग्नाला एकोणचाळीस वर्षे झाली, पण ह्यांनी मला योगासने सुचवायची वेळ आज आली.

मांडी घातली नाही.

१३ फेब्रुवारी
आज भाचीने मला मागच्या सीटवर बसायला सांगितले. मला! अख्ख्या गावातल्या निम्म्या बायकांना मी गाडी शिकवली. तरी बसले. मनाचा मोठेपणा.

गाडी उत्तम चढली. मागे वजन असले की चाकांना पकड मिळते. साधे विज्ञान. पण नोकरीवर गेल्यावर ही कोणाला मागे बसवून हिंडणार? तेव्हा हा उपाय नव्हे.

भाची आरशातून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, मावशी, तुला काहीच वाटत नाही का? म्हटले, वाटते ना, आरशात मागचा रस्ता बघावा, मावशी नव्हे.

१५ फेब्रुवारी, सकाळी
पुन्हा शेजारी बसले. पुन्हा वास, पुन्हा कण्हणे. उतारावरसुद्धा गाडीला ॲक्सिलरेटर द्यावा लागला. उतारावर! न्यूटन असता तर रडला असता.

भाची मात्र खरोखरच रडली. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक लावला, इंडिकेटर दिला आणि मग रडली. शिस्त माझीच. म्हणाली, मला हे जमणारच नाही, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी जाऊ दे, मी आपली दवाखान्यात बसून कुत्र्यांना सुया टोचीन.

मला गलबलले. ह्या मुलीने अडलेल्या म्हशीच्या पोटातून रेडकू सुखरूप ओढून काढले आहे. तिला एक चढ हरवतो?

निर्णय झाला. रीमॅप करायचाच.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी
नको. इंजिन बसले तर टेस्टच हुकेल.

१६ फेब्रुवारी
करायचाच. गॅरेजमध्ये न कळवता गेले. आत गॅरेजवाला, हे आणि भाची, तिघे स्टुलांवर चहा पीत होते. मला बघून तिघेही दचकले. भाचीने कप पाठीमागे लपवला. चहा पिणे हा गुन्हा कधीपासून झाला?

मी उभ्याउभ्याच सांगितले. ह्या गाडीच्या अंगात जेवढी ताकद आहे तेवढी मला बाहेर काढून पाहिजे. तिला जे काही दाबून धरते आहे ते काढून टाक. मला तांत्रिक तपशील नकोत. गॅरेजवाला उठून उभा राहिला, हात मागे बांधले आणि म्हणाला, मॅडम, तुमच्या तोंडून हे ऐकायचीच वाट बघत होतो. बघा हं, जे दाबून धरतंय ते काढू ना? म्हटले, मुळापासून. तो म्हणाला, मग अर्ध्या तासाचं काम आहे.

मी म्हटले, दोन दिवस घे आणि नीट कर. हे खोकत खोकत बाहेर गेले. त्यांना चहा नेहमी चुकीच्या नळीत जातो.

१८ फेब्रुवारी, सकाळी ९
विजय! गाडी ओळखू येईना. भाची टाकीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत चढली. वास नाही, थरथर नाही. पहिल्या वळणावर जरा जोरात गेली, मग तिचा तिलाच अंदाज आला.

रीमॅपचा परिणाम फार दूरवर होतो. माझ्या बाजूचा ब्रेकसुद्धा लोण्यासारखा मऊ झाला आहे. पाय ठेवताच खाली जातो. त्या मासिकात हा फायदा दिलेला नव्हता. संपादकांना पत्र लिहायला हवे.

जॉब कार्डावर गॅरेजवाल्याने एवढेच लिहिले आहे: अडथळा काढला. मुलगा शेवटी थोडक्यात लिहायला शिकला.

२१ फेब्रुवारी
सूचना तीसवरून नऊवर आल्या. गाडी चांगली असली की शिक्षकाला बोलावे लागत नाही. पोटरी बरी. हवा बदलली.

शेजारीण भेटली. तिला रीमॅपविषयी सविस्तर सांगितले. तिच्याकडे गाडी नाही, पण तिने ऐकून घेतले.

२६ फेब्रुवारी, दुपारी १२
पास!!

चढावर थांबली, एक वीतभरही मागे न घसरता निघाली, पांढऱ्या रेषेवर चाक टेकवून उभी राहिली. परीक्षक आधीच खड्ड्यापलीकडे जाऊन उभा होता. तो म्हणाला, मॅडम, हीच का ती मुलगी? मी म्हटले, मुलगी तीच, इंजिन वेगळे. भाची मला घट्ट मिठी मारून म्हणाली, थँक यू मावशी, तू ते काढायला सांगितलंस म्हणून. काय काढायला, ते विचारायचे राहून गेले. डोळ्यांत काहीतरी गेले होते.

संकल्प: लोकांना रीमॅपबाबत मोफत सल्ला. आठवड्यातून दोन दिवस.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी
लिहावे की न लिहावे. रोजनिशी आहे, लिहिते.

उद्याचा रस्ता बघून येऊ म्हणून दोघी नोकरीच्या गावाकडे निघालो. गोठ्यांच्या वस्तीपाशी एका कुंपणामागून बदकांची रांग अचानक रस्त्यावर आली. माझा पाय ब्रेकवर होताच, नुसता ठेवलेला. मी दाबला. कचकन दाबला. पाय थेट तळाला गेला, आणि गाडी चालतच राहिली. पुन्हा दाबला. काही नाही. मी ओरडले, ब्रेक गेले!

गाडी अलगद थांबली. बदके गेली. शेवटचे बदक मध्येच उभे राहून माझ्याकडे बघत होते.

भाची म्हणाली, माझे ब्रेक शाबूत आहेत मावशी. तुझाच दहा दिवसांपासून सुटा आहे. मग सगळे सांगितले. इंजिनाला कोणी हात लावलेला नाही. गॅरेजवाल्याने फक्त माझ्या ब्रेकची जोडणी काढली. रोज मी ब्रेक दाबून बसायची आणि भाची जास्त ॲक्सिलरेटर देऊन गाडी ओढायची. तेवढाच द्यायची सवय लागली, म्हणून पहिल्या टेस्टला मी शेजारी नसताना परीक्षक खड्ड्यात.

मी विचारले, तोंडावर का नाही सांगितलेस? म्हणाली, सात वेळा सांगितलं. काकांनी तीन वेळा. तू दर वेळी म्हणालीस, ठेवणं वेगळं, दाबणं वेगळं.

परतताना मांडी घालून बसले. पोटरीला खरेच बरे वाटते.

गॅरेजपाशी थांबवायला लावले. गॅरेजवाला बाहेर येऊन हात मागे बांधून उभा राहिला. मी विचारले, माझी परवानगी होती का? तो म्हणाला, मॅडम, मुळापासून म्हणालात. हे खरे आहे. म्हणाला, परत जोडून देऊ का? भाची स्टिअरिंगकडे बघत राहिली.

म्हटले, नको. गाडी हिच्यासोबत जाणार आहे. ते पेडलच उपटून काढ.

अकरा वेळा हा आकडा एकदा तपासायला हवा.

१ मार्च, सकाळी ७.४०
भाची गेली. गाडीच्या मागे बुटांची जोडी, औषधांची पेटी, दोन बादल्या. शेजारच्या सीटवर डबा. मी फक्त एक सूचना देणार होते, तीही दिली नाही.

आम्ही दोघे फाटकाशी उभे होतो. तिने आरसा बघितला, इंडिकेटर दिला, निघाली. कोपऱ्यावरच्या वळणाला मला वाटले, जरा वेगात आहे. पण बरोबर वळली. दिसेनाशी झाली.

हे म्हणाले, अगं, गेली ती, आता माझा पाय सोड.

मी म्हटले, नुसता ठेवलाय.