किल्ल्यावर आम्ही दोघी

दि. १२ फेब्रुवारी

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

चाळिशी गाठलीस तरी पत्रात तुला छोट्याच म्हणणार, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस. माझा गुडघा आता बराच सुधारलाय. दुकान पुन्हा उघडलंय. नवीन कपडे शिवत नाही. उसवणं, सैल करणं, चेन बदलणं एवढंच. लोक जाड होतात आणि माझं चालतं.

काल मी सहलीला गेले होते. तो डोंगरावरचा जुना किल्ला आठवतो का? शाळेच्या सहलीला जाऊन तू एक बूट हरवून आला होतास, तोच. सकाळी लवकर निघालो. आम्ही दोघीच होतो. गाडीत माझ्या पाठीला उशी, पायाखाली स्टूल, अशी सगळी बडदास्त. शेतं संपली तसं तळं लागलं. पाण्यावर एवढे पक्षी उतरले होते, की आम्ही गाडी थांबवली, काचा खाली केल्या आणि नुसत्या बघत बसलो. एकटी मी रोजच गप्प असते. कुणाच्या सोबतीनं गप्प बसण्यातलं सुख मी विसरूनच गेले होते.

किल्ल्याचा दरवाजा अजून शाबूत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे खांदे घासून चौकटीचा दगड गुळगुळीत झालाय. हात लावला तर चांगल्या अस्तरासारखा लागला. तट मात्र जागोजाग ढासळलाय आणि भेगांतून झाडं वर आलीत. मला अगदी बुरुजापर्यंत जायचं होतं, पण "आई, आता बास. चढताना काही वाटत नाही, उतरताना गुडघा बोलतो," असं म्हणून तिनं मला एका दगडावर बसवलं.

आता ओळखलंच असशील. मला आई म्हणणारं इथं दुसरं कोण आहे?

तुमचा घटस्फोट झाला तेव्हा तू म्हणालास, "तिचा आपल्याशी संबंध संपला." मी हूं म्हटलं. तेव्हा तुझ्या मनाचं काय झालं होतं ते मी बघत होते. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू परत गेलास आणि दुसऱ्याच दिवशी ही डबा घेऊन दारात उभी. तिच्या जनावरांच्या दवाखान्यातून थेट आलेली, बाहीला मांजराचे केस. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "भांडण तुमच्याशी नव्हतं माझं." तेव्हापासून दर रविवारी येते. फोनवर तुला हे सांगावं असं अनेकदा तोंडाशी आलं आणि प्रत्येक वेळी मी पावसापाण्याचं बोलत राहिले.

तर खाली उतरताना वाटेत एक आजी शेळीपाशी बसलेल्या दिसल्या. शेळी अडली होती. सकाळपासून कळा देत होती म्हणे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी गाडीतून पेटी आणली, बाह्या सारल्या आणि मला म्हणाल्या, "आई, डोकं धरा. घट्ट." गुडघा, नवे कपडे, सगळं विसरून मी मातीत बसले. पिल्लाचा एक पाय आत दुमडला होता. तो सरळ करून तिनं ते बाहेर ओढलं, तर निपचित. माझी शाल घेऊन ती त्याला चोळत राहिली, चोळत राहिली. आजी तोंड फिरवून बसल्या. आणि मग ते शिंकलं.

आजींनी डोळे पुसले आणि मला विचारलं, "लेक का तुमची?"

"सून होते. आता नाही," तीच म्हणाली.

"मग आता कोण?"

शेळी पिल्लाला चाटत होती, आम्ही दोघी तिकडेच बघत राहिलो.

खाली झऱ्यावर हात धुताना ती म्हणाली, "आई, मी लग्न करतेय." माणूस पाणीपुरवठ्यात नोकरीला आहे, शांत आहे, आणि जनावरांना भितो.

"मग तुझ्याकडे आला कसा?"

"मांजर घेऊन. टोपलीत. टोपली लांब धरून."

मला हसू आलं. खरं सांगते छोट्या, तुम्ही दोघं पुन्हा एकत्र याल अशी आशा मी मनाच्या कोपऱ्यात जपली होती. ती आशा झऱ्यावर गेली. थोडा वेळ मला तिचा रागही आला.

मग तिनं विचारलं, "माझ्या बाजूनं साक्षीदार म्हणून सही करायला याल? माझे आईबाबा असते तर तुम्हाला विचारलं नसतं. नाही म्हणालात तरी रविवारी मी येणारच आहे, तेव्हा संकोच करू नका."

मी म्हटलं, "आधी छोट्याला कळवते."

"त्याची परवानगी हवी?"

"परवानगी कसली. त्याला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

परतताना तळ्यापाशी पुन्हा थांबलो. तिथं मी तिला हो म्हटलं. तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. शनिवारी लग्नात मी तिच्या बाजूनं उभी राहणार आहे. तुला वाईट वाटेल. वाटू दे, पण ते माझ्यापासून लपवू नकोस. रागावायचं असेल तर फोन करून रागाव.

आणि एक. गेल्या वेळी फोनवर तुझ्या मागं कुणीतरी हसत होतं. टीव्ही आहे म्हणालास. टीव्ही चहात साखर किती घालू असं विचारत नाही, बाळा. तिला माझे आशीर्वाद सांग. माझी काही हरकत नाही, हे मी तुला केव्हाच सांगायला हवं होतं, पण काल किल्ल्यावर जाईपर्यंत ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

तुझीच, आणि तिचीही,
आई