अडखळत्या मंत्रांना वाचनालयात आवाजाची मुभा मिळण्याबाबत

प्रति,
मा. ग्रंथपाल,
सार्वजनिक वाचनालय.

विषय : खेळातील मांत्रिकाचे नवे नियम आणि त्यामुळे होणारा आवाज.
संदर्भ : लहान खोलीच्या दारावर लावलेली आपली शांततेची सूचना.

महोदय,

१. अर्जदार चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचे काम करते आणि दर रविवारी दुपारी आपल्या वाचनालयाच्या लहान खोलीत एक खेळ चालवते. अर्जदार गोष्ट सांगते, टेबलाभोवतीची मंडळी त्या गोष्टीतली माणसे होतात आणि कोणाचे काय होईल ते फासे ठरवतात. त्यातला मांत्रिक म्हणजे अर्जदाराचा थोरला भाऊ. तो बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करीत असे. झोपलेला प्रवासीही पिशवी उचलून उभा राही, असा आवाज. खेळात तो मंत्र म्हणू लागला की पलीकडचे वाचक माना वर करीत. तेव्हा कोणाची तक्रार नव्हती, हे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

२. गेल्या वर्षी भावाला मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा सावरली नाही. समजते सगळे, पण शब्द ओठांशी येऊन अडकतो. मूळ नियमानुसार मंत्र स्पष्ट म्हटला नाही तर फुकट जातो. खेळायला परतल्यावर पहिल्याच पाळीला त्याच्या घशातून नुसती घरघर निघाली. खेळात लढवय्या असलेला शेजारचा सुतार चांगल्या मनाने म्हणाला, "दादा, राहू द्या, तुमच्या वतीने मी म्हणतो." भाऊ उठून घरी गेला.

३. सबब अर्जदाराने मांत्रिकाचे नियम नव्याने बांधले. आधी तिने मुका मांत्रिक केला : जितके मौन, तितकी शक्ती. आपण फार हुशारी केली असे तिला वाटले. भावाने कागद वाचला, चुरगाळला आणि मोठ्या कष्टाने म्हणाला, "गप्प... नाही." गप्प बसण्याचे बक्षीस त्याला नको होते. मग असा नियम केला की मंत्र तुटला तरी वाया जाऊ नये. जेवढा आवाज निघेल त्यातून काहीतरी घडावे, काय ते फासे सांगतील. भावाला 'अग्नी' म्हणायचे होते, निघाले "अग... अग... गी". राक्षस जळाला नाही, त्याच्या दाढीतून धूर निघू लागला. सुतार टेबलावर हात आपटून हसला. आणि महोदय, भाऊही हसला.

त्यानंतर तो घरीही बोलू पाहू लागला. मीठ मागताना "मी... मी..." करून थांबे, आणि वहिनी "तुम्ही काय? पुढे बोला की!" म्हणून मुद्दाम ताटकळत ठेवी.

४. मागच्या महिन्यात भाऊ एक मोठा मंत्र म्हणत असताना आपले शिपाई दार उघडून म्हणाले, "अहो, हे काय ओरडणं चाललंय? इथे माणसं वाचतायत." त्यांना दोष नाही, त्यांना ठाऊक नव्हते. पाठोपाठ सूचना लागली. तेव्हापासून भावाने तोंड उघडलेले नाही. मीठ हवे असले की बोट दाखवतो. अर्जदाराने सुताराच्या कारखान्यातही खेळ मांडून पाहिला, जिथे करवतीपुढे कोणाचेच ऐकू येत नाही. तो येतो, फासे टाकतो, मान खाली घालून बसतो.

५. खोलीला स्वखर्चाने जाड पडदे लावू द्यावेत आणि वाचकांना कानात घालण्यास कापूस पुरवू द्यावा, अशा विनंत्या अर्जदाराने आधी लिहिल्या होत्या. त्या मागे घेत आहे. खोली न मिळाली तरी चालेल. आपण फक्त एकदा येऊन भावाला समोरासमोर सांगावे की त्याच्या आवाजाचा त्रास होत नाही. बहिणीचे बोलणे तो माया समजतो, बायकोचे दया. आपण ना नात्यातले, ना ओळखीचे, शिवाय शांतता राखणे हे आपले कामच. आपले तो मानील.

मात्र खरोखरच त्रास होत असेल, तर कृपया येऊ नये. खोटे त्याला लगेच ओळखू येते.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
अर्जदार, मांत्रिकाची धाकटी बहीण

दिनांक : सोमवार, दुकान उघडण्यापूर्वी
सोबत : मांत्रिकाचे नवे नियम, चुरगाळलेल्या पहिल्या प्रतीसह