तिसरी पायरी

नाशिक, रविवार

आई, तुले सप्रेम जयभीम.

मी बरा आहे. इथं भाकर बी भेटते, जेवण वेळेवर होते. ही गोष्ट फोनवर तोंडातून निघत नव्हती, म्हणून लिहून राह्यलो. शेजारची मंजुश्री तुले वाचून दाखवीन.

इथं एका बंगल्याचा जिना मी बांधला. परवा मालकीणबाई त्याच्यावर दोनदा अडखळल्या. मी म्हटलं, चप्पल घसरली असन. मिस्तरीनं टेप लावला, तर एक पायरी बाकीच्यापेक्षा इंचभर उंच. मग म्हटलं, माह्याच हातची आहे, मीच तोडतो. तोडली, नवी बांधली. काम गेलं नाही, काळजी करू नको.

तोडता तोडता आपल्या घरची तिसरी पायरी आठवली. तिथं तू रोज अडखळतं, अन् मी म्हणत होतो, आई, तुले दिसत नाही. तू माहं ऐकून चिखलीले गेली अन् चष्मा बदलून आली. ती पायरी बी उंच आहे, आई. बांधली तवाच मले समजलं होतं. सिमेंट वाळलं होतं, पुन्हा तोडायचा कंटाळा केला.

गुडघा कसा आहे? शेळी व्याली का?

पुढच्या महिन्यात येतो अन् आधी ती पायरी फोडतो. तोवर तिथं पाय जरा उचलून टाक. अन् जुना चष्मा ठेवला असन तर तोच लाव. नजर तुही चांगलीच होती.

तुहा गवंडी,
धम्मदीप