चार मात्रांचा विराम

१८ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय ताईस,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. आम्ही दोघी खुशाल आहोत. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. लॉन्ड्रीत एकीनं काम सोडलं, त्यामुळे हॉटेलांच्या चादरी इस्त्री करायचं तिचं मशीनही माझ्याच गळ्यात आलंय. घरी येते तेव्हा अंगाला साबणाचा वास असतो. बिट्टी नाक मुरडते.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? ते डॉक्टरकडे जाणार नाहीत हे माहीत आहे, तरी विचारते.

तू विचारलंस, पोर रुळली का, की मी येऊन घेऊन जाऊ? अगं, तिला येऊन चारच महिने झालेत. हे गेल्यावर मी माझी पोर तुझ्या ओटीत टाकून कामासाठी इकडे आले तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती. पुढची आठ वर्षं तुझ्या कुशीत वाढली, ती चार महिन्यांत कशी रुळेल? होईल हळूहळू. जेवते, शाळेत जाते. थोडी वाळलीय, पण उंची वाढली की तसं होतंच.

सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे आम्ही दोघी संगीत शिकतोय. हसू नकोस. इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठी शाळेत शनिवारी एक वर्ग असतो, आणि सोबत घरातलं एक मोठं माणूस लागतं. शिकवणाऱ्या बाई उंच, हडकुळ्या, आणि इतकं सावकाश बोलतात की भिंतीलाही इंग्रजी यावं. त्यांचं म्हणणं, आधी टाळी शिका, शब्द मागून येतील. नुसता पोकळ गोल असला की तो होल नोट. एक टाळी द्यायची आणि हात तसेच जोडून चार मोजायचे. गोलाला काडी लावली की हाफ, दोन मात्रा. काडीचा गोल काळा भरला की क्वार्टर, एकच मात्रा. आणि जितक्या लांबीचे स्वर तितक्याच लांबीचे विराम, त्यांना रेस्ट म्हणतात. होल रेस्ट म्हणजे रेघेखाली लटकलेली काळी पट्टी, हाफ रेस्ट म्हणजे तीच पट्टी रेघेवर बसलेली. विरामात टाळी नाही, बोलणं नाही. तळहात उघडे धरायचे आणि मनात मोजायचं.

माझं घोडं तिथेच अडतं. लटकलेली कुठली नि बसलेली कुठली, डोक्यात राहतच नाही. चार मात्रा गप्प राहायचं असतं आणि मी दोन झाल्या की टाळी ठोकते. सगळा वर्ग शांत आणि मधेच माझी एकटीची टाळी. बाई हसून म्हणतात, "घाई नाही, घाई नाही." बिट्टी मात्र एकदाही चुकत नाही. काल मी पुन्हा हात उचलला तर तिनं माझं मनगट पकडलं. म्हणाली, "थांब ना. अजून दोन आहेत." ताई, इथे आल्यापासून आपणहून तिनं मला हात लावला तो पहिल्यांदाच. पुढे बाईंनी काय शिकवलं ते मला विचारू नकोस.

वर्गात ती वन, टू, थ्री, फोर मोठ्यानं म्हणते. घरी मात्र तोंडाला कुलूप. "हो", "नको", "झोपू?" एवढ्यावर दिवस निघतो. मला शांत घर सोसत नाही, म्हणून मीच बोलत सुटते. लॉन्ड्रीत काय झालं, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं नळ कसा उघडा ठेवला, उद्या डब्यात काय देऊ, बूट लागतात का. प्रश्न मीच विचारायचा आणि उत्तरही मीच देऊन टाकायचं. माझ्या तोंडाची टकळी तुला ठाऊकच आहे.

बाकी ठीक. काळजी करू नकोस.

बुधवार

पत्र टपालात टाकायचं राहून गेलं. वरचं वाचून फाडावंसं वाटलं, पण त्यात खोटं काही नाही, फक्त अपुरं आहे. फोनवर हे सांगता येत नाही. मी फोन लावला की ती दाराशी येऊन उभी राहते, आणि तिच्यादेखत मी तुला सांगते, छान चाललंय.

काल संध्याकाळी ठरवलं, आज आपण गप्प बसायचं. ताटं वाढली आणि मनात मोजायला लागले. चार झाले, पुन्हा चार. जेवण निवतंय, मीठ कमी आहे का, असं कितीदा तोंडाशी आलं. गिळलं. टेबलाखाली तळहात उघडे धरून बसले.

बऱ्याच वेळानं तिनं चमचा खाली ठेवला. "एक सांगू? पण तू रडशील."

"नाही रडणार."

"मला आईकडे जायचंय."

तुझ्याकडे, ताई. तुला ती आई म्हणते हे मला नवीन नाही, पण माझ्यासमोर तो शब्द तिनं आजवर काढला नव्हता. मला ती काहीच म्हणत नाही. हाक मारायची वेळ आली की जवळ येऊन उभी राहते.

मग ती बोलत राहिली. मी तिच्याशी चांगली वागते, तिला इथे कुणी त्रास देत नाही. पण सकाळी उठल्यावर आपण कुठे आहोत ते तिला आधी कळत नाही, आणि कळलं की पोटात दुखतं. रोज.

मी म्हटलं, "मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू थांबतच नव्हतीस."

दिलेला शब्द पाळला, तिच्यासमोर रडले नाही. भांडी घासताना नळ मोठा सोडला तेवढाच. मनात आलं, सहा महिने दम धर म्हणावं. पोरं रुळतात, सगळे हेच सांगतील. माझं मन राखायला कदाचित तूही सांगशील. पण एवढ्या दिवसांत तिनं माझ्याकडे ही एकच गोष्ट मागितली. तीच नाकारली तर ती पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, आणि मला ते सोसायचं नाही.

तर तू ये. शाळेचं सत्र महिनाअखेर संपतंय. तिला सांगून टाकलंय. आज सकाळी तिनं पुन्हा मागून खाल्लं, त्याचं बरं वाटलं आणि तितकंच लागलं. फार वाईट वाटतंय ताई, ते लपवत नाही. ती माझ्यासमोर बसून जेवेल, एवढ्या एका गोष्टीची मी आठ वर्षं वाट पाहिली होती.

लोकरीचा स्वेटर तिला टोचतो, घालायला लावू नकोस. बघ, हे मी तुला शिकवतेय.

एक तेवढं तिला विचारलं, तिकडे गेल्यावर फोनवर मला काय म्हणशील? तिनं विचार केला आणि म्हणाली, "मावशी म्हणू?" मी हो म्हटलं.

तुझी धाकटी बहीण,
बिट्टीची मावशी