गडग्यातला उंबर

९ मार्च
पांगारा फुललाय. पान एक नाही, नुसता लाल. चौथीत वसंताची कविता होती, गुरुजी छडीने ताल धरून म्हणवून घ्यायचे. कोकिळा होती, मोहोर होता, वारा होता. शेजारी नव्हता.
सकाळी वाडीत. दोन वाड्यांमधला दगडी गडगा यंदाही होळीआधीच वाळला, शेवाळ हात लावताच तपकिरीसारखं गळतं. पण मध्येच एका जागी हिरवंगार. पानफुटी, आघाडा, नेचा. आणि सांध्यात उंबराचं रोप, वीतभर. खालची माती ओली. मी पाणी घातलेलं नाही. मग...

१० मार्च
आजही ओली. पूर्वी तिथेच गडग्यातून वाट होती, दोन्ही वाड्यांत जायची-यायची. दोन वर्षांमागे पलीकडच्या भास्करची बकरी त्या वाटेने आली नि माझी पानवेल फस्त करून गेली. तेव्हा मी वाट दगडमातीने भरून टाकली. भर तशी ढिलीच.
यापुढे इथे नुसतं भा. लिहीन. पूर्ण नाव लिहायला हात होत नाही.

१३ मार्च, होळी
भा. होळीपाशी भेटला. सहज म्हटलं, गडगा यंदा हिरवा दिसतो. म्हणाला, "वसंत आला, सदू. शाळेत तूच घसा फोडून सांगायचास." आणि हसला. शाळेत याला दुसरी ओळ कधी आठवली नाही, मीच मागून पुरवायचो. आज बरं पटकन सुचलं!
डाव असा असणार. उंबर म्हणजे दत्ताचं झाड, कोणी कोयता लावत नाही. मुळं दगड उसवणार. उतार माझ्याकडे, म्हणजे गडगा माझ्याच अंगणात पडणार. नवा बांधायचा तर उंबर सोडून, अलीकडून. आजोबांनी लावलेली सुपारीची ओळ गेली पलीकडे. बकरीचा वचपा झाडाकडून.

१५ मार्च
प्रसादला बोईसरला फोन. सगळं ऐकून म्हणाला, बाबा, भास्करकाकांना सरळ विचारा ना. कारखान्यात राहून मुलगा फारच सरळ झाला.

१८ मार्च
केळीआड खुर्ची टाकून बसलो, पेपर घेऊन. भा. बादली घेऊन आला. मोगऱ्याला पाणी घातलं, उरलेलं अळवाला. गडग्याजवळ थांबला. उंबराकडे पाहिलं, पान चिमटीत धरलं, सोडलं. गेला. पाणी घातलं नाही. म्हणजे मी बसलोय हे त्याला कळलंय.
सौ. म्हणाली, उन्हात काय राखण करताय, आंबा तरी लागलाय का तिथे?

२१ मार्च
गावातला गवंडी बोलावला. भर पक्की सिमेंटने बांधून टाकू म्हटलं. त्याने रोप पाहिलं नि चप्पल काढली. "उंबर हाय, काका. मी नाय हात लावायचा. घरात ल्हान पोर हाय माझ्या." मग झाड काढून कोण देणार? "तुमी काढा. मंग सिमेंट माझा."
कोयता घेऊन गेलो. पानं कोवळी, तांबूस. परत आलो.

२७ मार्च, गुरुवार
पाहिलं.
आंघोळ न करताच पहाटे केळीआड गेलो. देवपूजेचा तांब्या घेऊन सौ. आली. उंबराला पाणी. पलीकडून तसाच तांब्या, बांगड्या. भा.ची बायको, शालिनी. सौ. म्हणत होती, मुळं आत गेलीत गं, वरचा दगड हलतो आता. शालिनी म्हणाली, तुमच्या ह्यांचा संशय अजून आमच्या ह्यांच्यावरच का? दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.
घरी विचारलं. लपवलं नाही. म्हणाली, वाट बुजवताना मला विचारलं होतंत? शालिनीकडे जायचं तर रस्त्याने सगळा फेरा. "माझे गुडघे तुमच्या पानवेलीहून स्वस्त का हो?" वर म्हणाली, दगड मी काढले असते तर भांडला असतात, उंबराशी काय भांडाल.
एवढंच विचारलं, भा.ला ठाऊक आहे? म्हणाली, त्यांना विचारा. तोंड आहे ना?

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली. श्रीखंड झालं. त्या दिवशी होळीपाशी भा. हसला, ते ठाऊक असल्यामुळे की नसल्यामुळे? ठाऊक असेल तर तिघांनी मिळून मला... नसेल तर तोही माझ्यासारखाच.
वाट उघडली तर बकरी येणारच. तीही खरीच गोष्ट.
चिडून बोईसरच्या एका गवंड्याला फोन केला. परप्रांतीय आहे. पेड़ है तो निकाल देंगे, म्हणाला. बुधवारी ये म्हटलं. फोन ठेवल्यावर सौ. दारात उभी होती. तशीच आत गेली.

२ एप्रिल
गवंडी रिक्षातून सिमेंट घेऊन आला. तडक गडग्याशी नेला. पलीकडे भा. बनियनवर उभा. बकरी दोरीला धरलेली. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने उंबराकडे.
"तुला ठाऊक होतं?" विचारलं.
"तुला नव्हतं?" म्हणाला.
याला काय उत्तर म्हणायचं? चेहऱ्यावर काही दिसेना. गवंडी म्हणाला, बोलिए चाचा, कहाँ से तोडूँ? मी म्हटलं, पहले चाय पियो.
गवंडी ओट्यावर बसलाय. चहा होईतो हे लिहितोय. सौ.ने पातेल्यात दूध बरंच ओतलेलं दिसलं. किती जणांचा, ते विचारलं नाही.