ऑर्रिनच्या बकेटला दात

२० फेब्रुवारी

बसत नाही! चांगली दोन बोटं जास्त. ट्रॅक्टरच्या पुढच्या, खत उचलायच्या बकेटला बाजूचे जे दोन पत्रे असतात, त्यांच्या आत ही दातांची पट्टी सरकवायची आणि बोल्टनं आवळायची. इतकं साधं. आणि वेसनं माप घेतलं ते बाहेरून! "बकेट मोज म्हणालीस, मी बकेट मोजली," म्हणे. वर हसतोय. हसतोय!

एवढी वजनदार पट्टी परत पाठवून दुसरी मागवायची म्हणजे महिना गेलाच. शेवटी म्हटलं, बाबा रे, गावात वेल्डरकडे ने आणि कापून आण. "उद्या नेतो." वेसचा उद्या मी लग्नापासून बघतेय.

२१ फेब्रुवारी

सकाळी मेंढ्यांना गवत टाकायला गोठ्यात गेले नि डोळ्यांतून घळाघळा पाणी. शी! नोव्हेंबरपासून मेंढ्या आत. लेंड्या, मूत, सांडलेलं गवत, त्यावर पुन्हा लेंड्या— सगळं त्यांच्याच खुरांनी तुडवून तुडवून फरशीसारखं घट्ट झालंय. आणि त्याच्या खाली गेल्या वर्षीचा थर तसाच, कारण गेल्या वर्षीही कुणी काढला नाही. नुसती बकेट घालून बघितली, तर वरून घसरते. ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात, पण खत जागचं हलत नाही. म्हणून दात हवेत.

गेल्या वसंतात खतातून उठणाऱ्या वाफेनं कोकरं खोकून खोकून गेली. दाण्याच्या रिकाम्या पोत्यात घालून मीच नेऊन पुरली. मार्चच्या मध्याला पुन्हा मेंढ्या व्यायला लागतील. त्याआधी गोठा पार जमिनीपर्यंत साफ झाला पाहिजे. यंदा मी एकही पोतं उचलणार नाही.

२३ फेब्रुवारी

पट्टी कापून आली. वेल्डरनं काम चोख केलंय. म्हटलं, आता बकेटला भोकं पाडायची, बोल्ट घालायचे, झालं! तर सासरे जेवणाच्या टेबलावरच आडवे आले.

"माझ्या बकेटला भोक पडणार नाही. ट्रॅक्टर माझ्या नावावर आहे." आणि तंबाखूची पिंक कॉफीच्या रिकाम्या डब्यात. तो डबा माझ्या उकडलेल्या बटाट्यांशेजारी! जेवणच गेलं नाही मला.

मी म्हटलं, "ऑर्रिन, कोकरं मरतात हो."

"कोकरं मरतातच. आणि खालून खताची ऊब असते त्यांना. माझ्या बापानं लांब दांड्याच्या काट्यानं गोठा काढला, त्याला नव्हते लागत दात."

बापानं काढला, तुम्ही काय काढलंत? अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. वेसकडे बघितलं— नंदीबैल! एकदा माझ्याकडे बघून मान हलवली, एकदा बापाकडे बघून.

२६ फेब्रुवारी

"बाबांचा मूड बघून विचारतो," म्हणाला वेस. म्हाताऱ्याला मूड यायच्या आत मेंढ्या विऊन मोकळ्या होतील.

२८ फेब्रुवारी

केलं! मीच केलं!

म्हातारा दाण्याच्या दुकानात कॉफीला गेला की तिथली सगळी जुनी खोडं त्याला लवकर सोडत नाहीत. वेस मेपलच्या झाडांचा गोड रस काढायला नळ्या लावायला रानात. स्वतःलाच म्हटलं, कोरा, आता नाही तर कधीच नाही.

बकेट जमिनीला टेकवली, पट्टी तिच्या धारेवर चढवली. दोन्ही टोकं बसली, मध्ये बसेना. बघते तर धार मधोमध आत गेलेली. म्हाताऱ्यानंच कधीतरी दगडावर घातलेली, दुसरं कोण? म्हणे भोक नको! भोक नको, पोचा मात्र चालतो. जॅक लावला, घणाचे घाव घातले, धार सरळ केली, तेव्हा कुठे पट्टी घट्ट लागली. पट्टीच्या दोन्ही टोकांना भोकं असतातच, त्यांतून बकेटच्या पत्र्यावर खडूनं खुणा केल्या. पट्टी काढली. आधी बारीक भोक, मग मोठं. घाई केली नि ड्रिलचं पहिलं बिट तटकन तुटलं. मग तेल सोडत सोडत, सावकाश. पट्टी परत चढवली, बोल्ट घातले आणि पान्यावर अक्षरशः लोंबकळून आवळले. खांदे अजून दुखतायत.

मेंढ्या एका अंगाला कोंडल्या आणि ट्रॅक्टर सरळ गोठ्यात घातला. दात आत गेले— काय गेले! अख्खा थर सुटून वर आला. आणि खालून जे निघालं ते... हिरवट काळं, कुजकं, वाफाळणारं. ई! बाहेर पळत जाऊन ओकले. तोंड पुसलं नि परत सीटवर बसले. इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

म्हातारा आला. बकेटपाशी गेला. एकेका दातावरून बोट फिरवलं. माझ्याशी अवाक्षर न बोलता घरात गेला. न बोलू दे. तेवढीच शांतता.

४ मार्च

आज गावसभा.

रस्त्यांच्या खर्चावरून दरवर्षीसारखी भांडणं झाली, मग जेवण. आम्ही बायका बीन्स वाढत होतो. तर म्हाताऱ्याचा आवाज हॉलभर— "मी दात बसवलेत आमच्या ट्रॅक्टरला. लोण्यासारखं कापतोय!"

मी! बसवलेत! आयत्या बिळावर नागोबा! धार वाकली होती, ती जॅक लावून कशी सरळ केली, हेही रंगवून सांगितलं मेल्यानं. रात्रीच्या जेवणाला मी वेसला सांगत होते, ते सगळं कान देऊन ऐकत होता तर! आणि वेस? बापाशेजारी बसून ॲपल पाय खात होता. तोंड भरलेलं, बोलणार कुठून?

पुढे तर कहरच. पलीकडच्या टेकडीवरचा थर्स्टन म्हणाला, "मग दे की चार दिवस, ऑर्रिन! माझ्या रस उकळायच्या खोपटाकडे जायला रस्ता उरला नाही, नुसता चिखल."

"ने की! शेजारी कशाला असतात?"

मी डाव हातात धरून तिथेच उभी. म्हटलं, "गोठा अर्धाच झालाय. मेंढ्या व्यायला आल्यात." म्हातारा अजून माझ्याशी बोलत नाही, तेव्हा थर्स्टनकडे बघून म्हणाला, "मेंढ्या कुठं पळून जातायत?" सगळे हसले. डाव फेकून मारावासा वाटला. नाही मारला. अजून वाढायचं होतं.

५ मार्च

ट्रॅक्टर गेला.

९ मार्च

अर्धा उकरलेला गोठा न उकरलेल्यापेक्षा वाईट. वरचा घट्ट थर होता तोवर वास दबून तरी होता. आता तो फोडलाय, तर आतलं सगळं उघडं पडून वाफ वर येतेय. मेंढ्यांचे डोळे गळतायत. त्यातल्या म्हाताऱ्या मेंढीला खोकला लागलाय. मी काट्यानं उकरतेय, पण काटा आत जाईल तर शपथ. आणि मोडतेय ती कंबर माझी.

थर्स्टनला फोन केला. त्याचा रस्ता कधीच झाला! "जावयाकडे पाठवलाय. बुंधे काढायचेत त्याला. ऑर्रिनला विचारूनच दिलाय हं मी." विचारून! म्हाताऱ्याची तर छाती फुगलेली. गावात ज्याला त्याला ऑर्रिनचा दातवाला ट्रॅक्टर हवाय. जन्मात एवढा मान मिळाला नव्हता.

वेसला म्हटलं, जा आणि घेऊन ये. "बाबांनी दिलाय, मी कसा मागू?"

या दोघांचं काय करू? एक बोलतो ते खोटं, दुसरा बोलतच नाही. कीव यायची तीही संपली, आता नुसती किळस येते. एका टेबलावर बसून जेवायची किळस येते.

१२ मार्च

पहिलं कोकरू. दिवसांच्या आधी आलं, पहाटे. मी पोचेपर्यंत त्या काळ्या राड्यात तोंड घालून पडलेलं. पुसलं, चोळलं, नाकात फुंकर घातली. दोनदा खोकलं.

पोतं उचललं मी.

१३ मार्च

काल कुणाशी बोलले नाही. आज सकाळी ट्रॅक्टरच्या शेडचं दार वाऱ्यानं आपटत होतं, ते लावायला गेले. आत ट्रॅक्टर नाही. कोरडं ठणठणीत. सिमेंटची जमीन, तीही झाडलेली. म्हातारा रोज झाडतो ती, ट्रॅक्टर नसतानाही झाडलेली! वास म्हणाल तर तेलाचा, तोही पुसट.

दारातच डोक्यात तिडीक गेली. म्हाताऱ्यावर नव्हे, माझ्यावरच. लोखंड इथे कोरड्यात आणि जित्राब तिथे मुतात, आणि इतकी वर्षं मीसुद्धा ते बरोबरच धरून चालले होते! दात लावा, गोठा उकरा, कंबर मोडा— आणि ही एवढी जागा डोळ्यांसमोर.

पेंढा अंथरायला लागले. वेस आला. "काय चाललंय?"

"मेंढ्या आणतेय. आधी व्यायच्या त्या."

"अगं पण बाबा—"

"बाबांना जाऊन सांग, नाहीतर ते फाटक धर. दोन्हीतलं एक कर."

त्यानं फाटक धरलं. मेंढ्या आत आल्या, पेंढा हुंगला नि बसल्यासुद्धा. म्हातारा थर्स्टनच्या जावयाकडे गेलाय, बुंधे कसे काढायचे ते शिकवायला, दोन दिवस मुक्कामालाच. येईल तेव्हा घर डोक्यावर घेईल. घेऊ दे. माझी मुकाट बसायची सवय गेली आता.

१५ मार्च

ट्रॅक्टर आज परत आला, ऐन बर्फाळ पावसात. त्याच्या जागी जुळी कोकरं होती, अजून ओली. मी काटा हातात धरून दारातच उभी राहिले. म्हटलं, येच आता. म्हातारा खाली उतरला, माझ्या खांद्यावरून आत बघत राहिला. मग बोलला.

"कोरा, दार ओढ. वारा लागतोय त्यांना."

स्वतः बाहेरच थांबला. फटीतून बघितलं, तर एकटाच ट्रॅक्टरवर ताडपत्री बांधत होता.